टाके निघाले, पुढे काय?

दरवर्षी आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचे दिवस जवळ आले, की जिमखान्याच्या दारात एखादा तरी विद्यार्थी अंग चोरून उभा राहिलेला दिसतो. "सर, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. टाके निघाले. आता खेळलो तर चालेल ना?" प्रश्न विचारताना त्याचा एक हात नकळत पोटावर गेलेला असतो. त्याला 'हो' हे उत्तर हवे असते. घरी त्याला नेमके उलटे उत्तर मिळालेले असते, "सहा महिने काही उचलायचं नाही, पळायचं नाही, जिना चढायचा नाही." खरे उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असते आणि ते दारात उभ्या उभ्या दोन वाक्यांत सांगता येत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. मी डॉक्टर नाही, शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. ज्याने तुमचे पोट उघडले आणि शिवले, त्या शल्यविशारदाचा शब्द या लेखातील प्रत्येक शब्दाहून मोठा मानावा. परंतु या विषयात मी दोनदा रुग्ण झालेलो आहे. पहिल्या वेळी कसे वागू नये ते शिकलो आणि दुसऱ्या वेळी कसे वागावे ते शिकलो. त्यापैकी पहिला धडा फार महाग पडला.

१९९३ साली मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. अपेंडिक्स आतल्या आत फुटले आणि पोटात पू पसरला. त्यामुळे नेहमीचा उजवीकडचा लहान छेद पुरला नाही. बेंबीखाली मध्यरेषेवर वीतभर छेद घ्यावा लागला. पुढे जखमेतही पू झाला. पण वय विशीचे. टाके निघाले, भूक लागू लागली, आरशात पाहिले तर जखम मिटलेली. गावची जत्रा तोंडावर आली होती. सातव्या आठवड्यात लंगोट बांधून मी तालमीत उतरलो. वस्तादांना अपेंडिक्स काढल्याचे ठाऊक होते. छेद केवढा होता हे मी त्यांना सांगितलेच नाही. आठ-नऊ महिन्यांनी एका सकाळी खोकताना बेंबीखाली लिंबाएवढा फुगवटा हाताला लागला. जखमेच्या जागी पोटाची भिंत आतून उसवली होती. यालाच छेदाचा हर्निया म्हणतात. माझी कुस्ती त्या सकाळी संपली. पुढे कितीतरी वर्षे पट्टा बांधून काढली आणि अखेर २०१९ साली त्याच जागी पुन्हा पोट उघडून जाळी बसवून घ्यावी लागली.

दुसऱ्या वेळच्या शल्यविशारदांना मी विचारले, "ही सगळी त्या कुस्तीचीच करणी ना?" ते प्रामाणिकपणे म्हणाले, तसे ठामपणे म्हणता येणार नाही. मध्यरेषेवरचा छेद, जखमेत झालेला पू, पावसाळ्यातला खोकला आणि त्यावर घाईने टाकलेला भार, या साऱ्यांनी मिळून ते केले असणार. यातील पहिल्या तीन गोष्टी माझ्या हातात नव्हत्या. चौथी होती.

पोटाची भिंत

छातीला बरगड्यांचा पिंजरा आहे, मेंदूला कवटी आहे. पोटातील आतडी मात्र पुढच्या बाजूने केवळ स्नायूंच्या भिंतीने सांभाळलेली आहेत. ही भिंत थराथरांची आहे. वर त्वचा, तिच्याखाली चरबी, मग स्नायू आणि सर्वांत आत उदरावरणाचा पातळ पडदा. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना छातीपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत दोन उभे स्नायू असतात. कुशीकडे एकावर एक असे तीन रुंद स्नायू असतात. बाहेरच्याचे धागे एका दिशेने तिरपे, मधल्याचे त्याच्या उलट तिरपे आणि सर्वांत आतल्याचे आडवे, कमरेला शेला गुंडाळावा तसे. हे तिन्ही स्नायू पुढे येता येता पांढऱ्या, चिवट पटलाचे रूप घेतात आणि दोन्ही बाजूंची पटले मध्यरेषेवर एकमेकांत विणली जाऊन एक शिवण तयार होते. शरीरशास्त्रात तिला श्वेत रेषा म्हणतात.

पोट बंद करताना शल्यविशारदाचा सारा भरवसा या पटलाच्या टाक्यांवर असतो. आपल्याला दिसतात ते वरचे टाके केवळ त्वचेचे. ते निघाले याचा अर्थ त्वचा मिटली, एवढाच. आतली शिवण किती पक्की झाली हे त्यावरून कळत नाही. विद्यार्थ्यांची आणि पालकांची सर्वांत मोठी गैरसमजूत नेमकी येथे असते.

छेद कोठे व कसा घेतला यालाही फार महत्त्व आहे. अमेरिकन शल्यविशारद चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८९४ साली अपेंडिक्ससाठी एक छेद सुचविला. त्यात स्नायू कापत नाहीत. तिन्ही थरांचे धागे त्यांच्या त्यांच्या दिशेने फाकवून वाट काढतात. काम झाले की धागे पुन्हा जवळ येतात आणि तिन्हींच्या दिशा वेगवेगळ्या असल्यामुळे एकावर एक झडपा बसाव्यात तसे होते. म्हणून या छेदात हर्निया क्वचितच होतो. मध्यरेषेवरचा उभा छेद घाईच्या प्रसंगी शल्यविशारदाला सोयीचा, पण तो थेट शिवणीवरच पडतो. अशा छेदानंतर शंभरातील दहा ते वीस जणांना पुढे हर्निया होतो असे मानतात. आतील टाके कसे घातले यानेही फरक पडतो. २०१५ साली नेदरलँड्समधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सेंटिमीटरभर अंतराच्या मोठ्या टाक्यांऐवजी अर्ध्या सेंटिमीटरवर लहान लहान टाके घातले, तेव्हा वर्षभरात हर्निया होण्याचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आले.

तिसरा प्रकार दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा. जर्मनीत कुर्ट झेम यांनी १९८० साली दुर्बिणीतून अपेंडिक्स काढले. भारतात दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. आता ती लहानमोठ्या शहरांत रोजची झाली आहे. हिच्यात अर्ध्या ते एक सेंटिमीटरची तीन-चार भोके पडतात. भिंतीला इजा कमी, म्हणून परतीचा रस्ताही जवळचा.

तेव्हा 'ऑपरेशन झालं' एवढ्याने भागत नाही. दवाखान्यातून घरी सोडताना मिळालेला कागद जपून ठेवावा आणि छेद कोणता, जाळी बसविली का, जखमेत पू झाला होता का, या तीन प्रश्नांची उत्तरे विचारून घ्यावीत.

जखम भरते म्हणजे काय होते?

घराचा स्लॅब घातलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. दुसऱ्या दिवशी तो वरून कडक दिसतो, त्यावर चालताही येते. पण म्हणून कोणी खालचे सेंटरिंग काढत नाही. काँक्रीटची ताकद आतून हळूहळू वाढत असते आणि तोवर भार खालच्या टेकूंवर असतो. पोटाच्या जखमेत टाके हे ते टेकू होत.

त्वचेच्या कडा एक-दोन दिवसांतच वरवर मिटतात. पहिले काही दिवस जखमेत साफसफाई चालते. जागा लाल, गरम, सुजलेली असते ती त्यामुळे. चौथ्या-पाचव्या दिवसापासून शरीर कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे विणू लागते. हे पहिले विणकाम घाईचे असते, धागे वेडेवाकडे व कच्चे. पुढे कित्येक महिने शरीर ते उसवून पक्के धागे भरत असते आणि ज्या दिशेने ताण येतो त्या दिशेने ते लावत असते. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस जखमेची ताकद मूळच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकीच असते. पुढील चार आठवड्यांत ती झपाट्याने वाढते आणि तिसऱ्या महिन्याच्या सुमारास ७० ते ८० टक्क्यांवर येऊन थांबते. हे आकडे मुख्यतः त्वचेच्या जखमांवरून काढलेले आहेत. पटलाचा प्रवासही असाच संथ असतो. पूर्वीची शंभर टक्के ताकद जखमेच्या जागी पुन्हा येत नाही. म्हणूनच आजूबाजूचे स्नायू बळकट करणे भाग पडते.

वरील वाक्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. धागे ताणाच्या दिशेने लागतात, म्हणजे योग्य वेळी आलेला योग्य ताण जखमेला हवाच असतो. भार अजिबात न टाकणे हीदेखील चूकच.

निजून राहण्याचे तोटे

पूर्वी पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला दोन-दोन, तीन-तीन आठवडे अंथरुणावर खिळवून ठेवीत. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी ठरला होता. पण अपेंडिक्सचा गळू झाल्यामुळे २४ जूनला सर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी राजवाड्यातच शस्त्रक्रिया करून पू काढला आणि समारंभ ९ ऑगस्टवर गेला. राजाने सातव्या आठवड्यात मुकुट घातला, मी सातव्या आठवड्यात लंगोट बांधला. राजाचे काम अर्थातच सुरक्षित होते!

निजवून ठेवण्याच्या पद्धतीविरुद्ध शिकागोचे एमिल रीस यांनी १८९९ सालीच आवाज उठविला होता. कोणी फारसे ऐकले नाही. १९४० नंतर डॅनियल लायथॉझर यांनी रुग्णांना लवकर उठविण्याचा आग्रह धरला आणि महायुद्धाच्या काळात खाटा अपुऱ्या पडल्यामुळे तो अनेकांना पटला. १९९० नंतर डेन्मार्कचे हेन्रिक केलेट यांनी वेदनाशमन, लवकर आहार आणि लवकर हालचाल यांची सांगड घालून दाखविली. कारण उघड आहे. निजून राहिल्याने पोटऱ्यांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, त्यांपैकी एखादी फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. खोल श्वास न घेतल्याने छातीत कफ साचतो. आतडी सुस्तावतात आणि पायांचे स्नायू दिवसेंदिवस झिजतात. म्हणून 'सहा महिने हलू नकोस' म्हणणारी आजी जितकी चुकते, तितकाच सातव्या आठवड्यात आखाड्यात उतरणारा नातू चुकतो.

पोटातला दाब

ताण कशाने किती येतो याबद्दल आपले अंदाज बरेच चुकतात. अमेरिकेत २० निरोगी तरुणांच्या पोटातील दाब निरनिराळ्या हालचाली करताना मोजून २००५ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. स्वस्थ पडून असताना दाब अगदीच नगण्य होता, उभे राहिल्यावर पाऱ्याच्या सुमारे २० मिलिमीटरपर्यंत गेला. पण उभ्याने खोकताना तो शंभरावर गेला आणि जागच्या जागी उडी मारताना दीडशेच्याही वर! म्हणजे दोन किलोची पिशवी उचलायला घाबरणारा रुग्ण दिवसभर खोकत असेल, किंवा शौचाला कुंथत असेल, तर तो पिशवीहून मोठा भार जखमेवर टाकत असतो.

यावरून पहिल्या काही दिवसांचे नियम आपोआप निघतात. खोकला, शिंक किंवा हसू आले तर जखमेवर उशी घट्ट दाबून धरावी. अंथरुणावरून सरळ उठू नये. आधी गुडघे वाकवून कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या रेट्याने उठावे. विडी-सिगारेट, तंबाखू बंद. तंबाखूने जखमेला मिळणारा प्राणवायू कमी होतो आणि धुराने खोकला वाढतो. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. पाणी, फळे, पालेभाज्या घ्याव्यात आणि तरीही अडचण असेल तर संकोच न करता डॉक्टरांकडून औषध घ्यावे. आणि सर्वांत मोठा नियम म्हणजे जोर लावताना श्वास कोंडू नये. उचलताना, ढकलताना, उठताना तोंडाने श्वास सोडावा. 'दम धरून' जोर करण्याची तालमीतली सवय येथे घातक ठरते.

आहाराबद्दल एक वाक्य जास्त लिहितो, कारण आपल्याकडे डाळीने, वांग्याने, अंड्याने 'पू होतो' म्हणून नेमके तेच बंद करतात. डाळ आणि अंडी यांच्यातल्या प्रथिनांपासूनच जखमेचे धागे विणले जातात. ती बंद करणे म्हणजे विणकराचे सूत काढून घेणे. डाळ, दूध, उसळी, अंडी, चालत असेल त्यांनी मासे, आणि 'क' जीवनसत्त्वासाठी आवळा, पेरू, लिंबू अवश्य घ्यावे. कोलॅजन पक्के होण्यास ते जीवनसत्त्व लागतेच.

परतीचे टप्पे

किती आठवडे थांबावे याबद्दल सर्व शल्यविशारदांचे एकमत नाही. तरी साधारण चौकट अशी सांगता येईल. दुर्बिणीने अपेंडिक्स किंवा पित्ताशय काढले असेल आणि काही गुंतागुंत नसेल, तर आठवड्या-दोन आठवड्यांत नेहमीची कामे, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हलके धावणे, आणि जड वजने व अंगाला अंग भिडणारे खेळ सुमारे सहा आठवड्यांनी. बाजूच्या लहान छेदाने अपेंडिक्स काढले असेल तर प्रत्येक टप्प्याला एक-दोन आठवडे जास्त धरावेत. जांघेच्या हर्नियाला जाळी बसविली असेल तर पूर्वीसारखी महिनोन्‌महिने बंदी आता घालत नाहीत. २०१८ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात, बरे वाटेल तितक्या लवकर नेहमीचे व्यवहार सुरू करावेत असेच म्हटले आहे. मध्यरेषेवरचा मोठा छेद किंवा छेदाच्या हर्नियाची दुरुस्ती असेल, तर मात्र सहा आठवडे चार-पाच किलोंहून जास्त वजन उचलू नये आणि कुस्ती, कबड्डी, भारोत्तोलन यांचे नाव तीन महिन्यांच्या आत, डॉक्टरांनी तपासल्याशिवाय काढू नये. पाण्याने भरलेली दहा लिटरची बादली दहा किलोंची आणि गॅसचा भरलेला सिलिंडर तीस किलोंच्या घरात असतो, हे घरातील माणसांनी लक्षात ठेवावे. ज्यांचे सिझेरियन झाले आहे त्या भगिनींनाही सहा आठवड्यांचा हा नियम लागू आहे. त्यांनी धावण्यासाठी तीन महिने थांबणे बरे.

पहिला टप्पा चालण्याचा. डॉक्टर उठवतील त्या दिवसापासून दिवसातून चार-पाच वेळा पाच-पाच मिनिटे. मग दर दोन-तीन दिवसांनी थोडे थोडे वाढवीत अर्ध्या तासापर्यंत. चालताना कमरेत वाकून जखम सांभाळण्याची सवय लागते, ती मोडावी, ताठ चालावे. चालता चालता बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे असे समजावे. याच दिवसांत पाठीवर निजून, गुडघे वाकवून, पोटाने संथ श्वास घ्यावा. श्वास सोडताना बेंबी हलकेच पाठीच्या कण्याकडे ओढावी आणि पाच आकडे मोजेपर्यंत, श्वास न कोंडता, तशीच धरावी. शेल्यासारखा गुंडाळलेला तो आतला आडवा स्नायू याने जागा होतो. जखम ओढल्यासारखी दुखली तर त्या दिवशी थांबावे.

दुसरा टप्पा, मोठ्या छेदानंतर साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्याचा. पाठीवर निजून कंबर उचलणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड काढणे, जागेवरची सायकल आणि शेवटी शेवटी सावकाश धावणे. पोहण्यासाठी जखम पूर्ण कोरडी व मिटलेली हवी.

तिसरा टप्पा पूर्ववत व्यायामाचा. वजन आधी निम्म्याहून कमी घ्यावे आणि आठवड्याला थोडेच वाढवावे. खेळाडूने आधी एकट्याने सराव करावा, मग जोडीदाराबरोबर, मग सामना. प्रत्येक टप्प्यावर एकच कसोटी लावावी. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जखमेची जागा आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल, तर एक पायरी खाली उतरावे.

आपल्या देशी व्यायामांबद्दल स्वतंत्र सांगायला हवे, कारण 'सूर्यनमस्कार तर साधेच' असे समजून अनेक जण त्यांपासूनच आरंभ करतात. सूर्यनमस्कारात हात वर नेऊन मागे झुकणे आणि भुजंगाची स्थिती, या दोन्हींत जखम लांबीने ताणली जाते. दंडाच्या स्थितीत सारे शरीर पोटाच्या भिंतीवर तोलले जाते. म्हणून नमस्कार सुटे करून करावेत. दुसऱ्या टप्प्यात उभ्याच्या स्थिती व अर्ध्या बैठका, पुढे गुडघे टेकून दंड, आणि पूर्ण नमस्कार तीन महिन्यांनंतर. त्यातही भुजंग सर्वांत शेवटी. कपालभाती, भस्त्रिका, उड्डियान, नौली, तसेच नौकासन, धनुरासन, मयूरासन यांत पोटाची भिंत वा तिच्यामागचा दाब जोराने वरखाली होतो. मोठ्या छेदानंतर ही सर्व तीन महिने तरी वर्ज्य मानावीत. संथ श्वसन पहिल्या दिवसापासून चालते. पोटाच्या पट्ट्याविषयीही बरेच विचारतात. पट्ट्याने आधार वाटतो, चालणे सुसह्य होते. पण पट्टा बांधला म्हणून हर्निया टळतो असे सिद्ध झालेले नाही. पट्ट्याच्या भरवशावर वजन उचलू नये.

काही खुणा दिसल्या तर मात्र व्यायाम, परीक्षा, सामना, सारे बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. ताप, जखम लाल होणे वा पू येणे. जखमेतून अचानक गुलाबीसर पाणी वाहू लागणे, विशेषतः पहिल्या दोन आठवड्यांत, कारण आतील शिवण सुटू लागल्याची ती खूण असू शकते. पोट फुगून उलट्या होणे आणि वारा न सरणे. एका पोटरीला सूज व दुखणे. एकाएकी धाप लागणे किंवा छातीत दुखणे. यातले काही झाले तर त्याच दिवशी, वेळ न दवडता जावे. जखमेजवळ उभे राहिल्यावर दिसणारा आणि निजल्यावर नाहीसा होणारा फुगवटा सावकाश दाखविला तरी चालतो; पण तो कडक होऊन दुखू लागला व आत जाईना, तर रात्र असली तरी थांबू नये.

न उचललेली पोती

२०१९ची माझी शस्त्रक्रिया जूनच्या अखेरीस झाली. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात बेळगाव जिल्ह्यात महापूर आला. माझा सहावा आठवडा चालू होता. शेजारच्या घरात पाणी शिरू लागले. सारी गल्ली धान्याची पोती, ट्रंका, गाद्या उचलून माडीवर नेत होती. शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "सर, तुम्ही नुसती बॅटरी धरा." मी जिन्याच्या तोंडाशी बॅटरी धरून दोन तास उभा होतो. आयुष्यभर मुलांना ताकद कमवा म्हणून सांगणारा माणूस, आणि सत्तरीचे गृहस्थ माझ्या अंगावरून पोते घेऊन जात होते. दोनदा मी बॅटरी खाली ठेवून पुढे झालो आणि दोनदा परत मागे आलो. १९९३ साली मला कोणी हसेल म्हणून मी आखाड्यात उतरलो होतो. त्या रात्री कोणीही हसले नाही.

दिवाळीत मी राजहंसगड चढून गेलो. सावकाश, दोनदा बसून, पण गेलो. पोटाची भिंत आजपर्यंत शाबूत आहे.

दवाखान्यात मला पहिल्यांदा उठवून चालविणाऱ्या परिचारिका कन्नड बोलणाऱ्या होत्या. मी पाऊल उचलले, की त्या म्हणत, "निधान, सर, निधान." भुलीच्या गुंगीत मला आपले मराठी 'निदान' ऐकू येई आणि आता आणखी कसले निदान बाकी राहिले म्हणून मी घाबरे. मग त्या हसून म्हणाल्या, "सावकाश, सर." हा शब्द आपल्याकडे दोन्ही भाषांत चालतो. आपल्या अंकाच्या दोन्ही विभागांतील वाचकांना माझे सांगणे त्या एका शब्दात आले. आणि जिमखान्याच्या दारात पोटावर हात ठेवून उभ्या राहणाऱ्या मुलाला एवढेच सांगतो, की बाबा, आत ये, बस, आणि आधी तुझा तो दवाखान्याचा कागद दाखव.